खोटा प्राणायाम

परळच्या केईएम रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया रुग्णांना योग शिकवत होते, तेव्हा त्यांनी एका गटाला जाणूनबुजून खोटा योग शिकवला. आसनांसारख्या दिसणाऱ्या हालचाली, प्राणायामासारखा वाटणारा श्वास, आणि धारणा-ध्यानाच्या जागी मनात येईल ते कागदावर उतरवायचं. दुसऱ्या गटाला मात्र पतंजलीच्या क्रमाने आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम १९७३मध्ये प्रसिद्ध केलं. खरा योग करणाऱ्यांची चिंता अधिक उतरली होती.

मला या प्रयोगात सर्वांत मोलाचा वाटतो तो खोटा गट. मनाचा आजार नेमका कशाने हटला, हे सांगणं फार कठीण असतं. कोणी रोज आपली वाट पाहतं, चटईवर बसवतं, कालच्यापेक्षा आज कसं वाटतंय ते विचारतं, एवढ्यानेही छातीवरचा दगड हलतो. त्यातून पतंजलीचा वाटा वेगळा काढायचा तर हा खटाटोप करावाच लागतो. योगाबद्दल आदर नसता तर वाहिया या वाटेला गेलेच नसते. पण आदर म्हणजे तपासणीतून सूट, असं त्यांनी मानलं नाही. त्या काळचे गट लहान होते, त्या रुग्णांचं 'न्युरोसिस' हे निदानही आता मागे पडलंय. आज कोणी हेच काम हाती घेतलं तर ते अधिक काटेकोर करावं लागेल. पण करावं लागेल ते याच दिशेने.

याच रुग्णालयाशी सर्पगंधेची गोष्टही जोडलेली आहे. १९३१मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा वेडावर आणि रक्तदाबावर उपयोग होतो, असं लिहिलं होतं. १९४९मध्ये केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५४मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरच्या उपयोगाबद्दल लिहिलं. मग लक्षात आलं, की रेसर्पिन घेणारे काही रक्तदाबाचे रुग्ण खोल उदास होताहेत. मुळी आपली, परंपरा आपली, म्हणून ती निरुपद्रवी ठरली नाही. आणि हे कळलं ते रुग्णांच्या नोंदी कोणीतरी नीट ठेवल्या म्हणून.

आज दादरमध्ये, गिरगावात 'होलिस्टिक' अशी पाटी दिसली, की मी मनात विचारतो, इथे खोटा गट कुठला? उत्तर मिळत नाही. तरी दोष एकट्या पाटीवाल्यांना देता येणार नाही, कारण आधुनिक वैद्यकाकडूनही एक गोष्ट सुटते आहे.

एका मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मी नातलगासोबत रांगेत होतो. शेजारी लालबागच्या एक मावशी, मुलाला घेऊन आलेल्या. मुलाला लिथियम हे मनोविकारावरचं औषध चालू होतं. प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपर, आणि त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली काढ्याची बाटली. "डॉक्टरांना नाही सांगत मी," त्या हळूच म्हणाल्या, "ओरडतात. पण ह्यानं त्याला झोप लागते बघा."

लघवी वाढवणारी काही औषधं रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीपर्यंत चढवतात. त्या काढ्यात तसलं काही असेल किंवा नसेलही. झोप कदाचित काढ्याने लागत असेल, कदाचित आईने रात्री उशाशी बसून तो पाजल्याने. तपासायचं तर आधी बाटली टेबलावर यायला हवी, आणि ती यायची तर न ओरडता विचारावं लागतं: "आणखी काय देता त्याला, मावशी?" बाहेर दीडशे माणसं उभी असताना या प्रश्नाला लागणारी दोन मिनिटं कुठून आणायची, हे मलाही ठाऊक आहे. तरीही परंपरा आणि आधुनिक उपचार जोडणाऱ्या एकात्म वैद्यकाची सुरुवात मला तिथेच दिसते, रुग्णालयात योगासाठी स्वतंत्र खोली उघडण्याच्याही आधी.

मावशींचा नंबर आला, तेव्हा बाटली पिशवीच्या तळाशी गेली होती. पाच मिनिटांत त्या बाहेर आल्या. मी नुसतं पाहिलं त्यांच्याकडे. त्यांनी मान हलवली. कोणी विचारलं नव्हतं.