विरामाचा अधिकार

सत्य जाणून घेण्यासाठीं दुसऱ्याचें चालतें काम थांबविण्याचा अधिकार कोणास असावा काय? मालाच्या मोजदादीसाठीं वाणी आपलें दुकान एक दिवस बंद ठेवतो, तेव्हां हा प्रश्न उद्भवत नाहीं. दुकान त्याचेंच असतें. परंतु जेथें अनेकांचें काम एकत्र चाललेलें असतें तेथें तो टाळतां येत नाहीं. संगणकशास्त्रांतील एका लहानशा क्रियेनें त्याचें दिलेलें उत्तर विचार करण्याजोगें आहे.

संगणकाच्या डिस्कवर अहोरात्र लेखन चालू असतें. तिचें एका क्षणाचें चित्र, म्हणजे स्नॅपशॉट, घेऊन ठेवल्यास पुढें घोटाळा झाला तरी त्या क्षणापर्यंत मागें जातां येतें. अडचण अशी कीं, एका खात्यांतून शंभर रुपये वजा झाले आहेत आणि दुसऱ्या खात्यांत ते जमा व्हावयाचे आहेत, एवढ्यांत चित्र घेतलें, तर त्यांतील प्रत्येक आंकडा खरा, पण एकंदर हिशेब खोटा! सुटीं सत्यें जोडल्यानें पूर्ण सत्य होतेंच असें नाहीं.

यावर उपाय विरामाचा. हिशेब ठेवणारा प्रोग्राम हातांतील व्यवहार पुरा करून थांबतो. मग लिनक्स प्रणालींत 'एफएसफ्रीझ' ही आज्ञा दिली, कीं स्मृतींत रेंगाळणारें लेखन डिस्कवर उतरतें आणि नवें लेखन दाराशीं खोळंबतें. तें नाकारलें जात नाहीं. दार उघडतांच आंत येतें. चित्राच्या वेळीं सगळ्या डिस्कची नक्कल करावी लागत नाहीं. पुढें जो भाग बदलेल त्याची जुनी प्रत तेवढी राखली जाते. म्हणून क्षणभराचा विराम पुरतो. विंडोजमधील अशाच व्यवस्थेंत डिस्कवरील लेखन 10 सेकंदांहून अधिक रोखतां येत नाहीं. तेवढ्यांत चित्र झालें नाहीं तर तो प्रयत्नच सोडून दिला जातो.

कोणी म्हणेल, न थांबवितांच चित्र घेतां येणार नाहीं काय? परस्परांस संदेश पाठविणाऱ्या अनेक संगणकांच्या बाबतींत तें शक्य आहे, हें मणी चांडी व लेस्ली लँपोर्ट यांनीं 1985 सालीं सिद्ध केलें. परंतु त्यांतील मर्म असें कीं, तें चित्र सुसंगत असलें तरी त्यांत दिसणारी स्थिति प्रत्यक्षांत कोणत्याही एका क्षणीं आलेलीच नसेल, हें संभवतें. सुसंगति मिळते, प्रत्यक्ष क्षण मिळेलच असें नाहीं. तो हवा असेल, तर कोणास तरी थांबावें लागतें.

म्हणून थांबविणें हा अन्याय नव्हे. अन्याय होतो तो थांबवून विसरण्यांत. चौकशी चालू आहे, या सबबीवर वर्षानुवर्षें लोकांचीं कामें अडवून ठेवणाऱ्या सत्तेस सत्याची चाड असते असें मानण्यास आधार नाहीं. संगणकाच्या व्यवहारांत तर या विसराळूपणाची शिक्षा तत्काळ मिळते. आज्ञा देणारा प्रोग्राम त्याच गोठविलेल्या डिस्कवर स्वतःची नोंद लिहूं लागला, तर तोही दाराशीं अडकतो, आणि दार उघडण्याची आज्ञा देण्यास कोणी उरत नाहीं. दुसऱ्यांस थांबविणाऱ्यानें दार केव्हां व कोणी उघडावयाचें, हें तें लावण्यापूर्वींच ठरविलेलें असावें. तें ज्यास सांगतां येत नाहीं त्यास, तो सत्यासाठीं कितीही उत्सुक असो, दार लावण्याचा अधिकार देऊं नये.