चार थेंब तेल

पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या कोयनेलच्या कुंपणाला नुसता ऊत येतो. त्यासाठी बॅटरीवरचं छाटणीयंत्र घेतलं, आणि दुसऱ्याच श्रावणात ते अडखळू लागलं. घुर्र करायचं, थांबायचं. ‘बॅटरी गेली,’ असा निकाल देऊन मी मोकळा झालो.

माळीदादांनी आधी बॅटरी काढून बाजूला ठेवली. पात्यांना हात लावण्याची ती पहिली अट. मग दाखवलं, दातांमध्ये पानांचा वाळलेला चोथा, वर गंजाची तांबूस साय. ही दोन पाती एकमेकांवर घासत मागेपुढे धावतात. मध्ये चिकटा साचला, की मोटारीला जोर लागतो, ती तापते आणि बॅटरी झपाट्याने उतरते. जुन्या टूथब्रशने घासून, पुसून त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडले. यंत्र सुरळीत! मला मात्र तोवर नव्या बॅटरीचे भाव तोंडपाठ झाले होते.

लिथियमची बॅटरी महिनोन्‌महिने ठेवायची तर पार रिकामी नको, काठोकाठ भरलेलीही नको. निम्मी भरून, कोरड्या सावलीत ठेवावी. वापरून तापलेली असेल, तर निवल्यावरच चार्जिंगला लावावी.

दिवाळीआधी कुंपण छाटणार असाल, तर पाती आजच पुसून घ्या.