ठरलेल्या भाड्याचा शब्द

वाचकहो, आपण नोकरीनिमित्त एखाद्या परक्या शहरात राहत आहात असे समजा. अकरा महिन्यांचा करार झाला, दरमहा १८,००० रुपये भाडे ठरले, अनामत रक्कम दिली, मुलांची नावे जवळच्या शाळेत घातली. पाचव्या महिन्यात घरमालक दाराशी येतात आणि सहज बोलावे तसे सांगतात, "पुढच्या महिन्यापासून एकवीस हजार द्या. या भागात आता सगळे तेवढेच घेतात." अशा वेळी आपण काय कराल?

आपल्यापैकी पुष्कळजण मुकाट्याने पैसे देतील. त्यामागे घर जाण्याची भीती असतेच. पण केवळ भीती नसते. घर त्यांचे, आपण परके, तीन हजारांसाठी संबंध कशाला बिघडवायचे, असा एक संकोचही असतो. शिवाय ख्रिस्ती माणसाने हक्कासाठी भांडणे शोभत नाही, ही समजूत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आज मला या संकोचाविषयीच बोलावयाचे आहे, कारण तो वरवर सद्‌गुणासारखा दिसतो.

मुळात करार म्हणजे काय? दोघांनी एकमेकांस दिलेला मुदतीचा शब्द. त्या मुदतीपुरता मालकाने भाडे बदलण्याचा आपला अधिकार बाजूला ठेवला आणि त्याबदल्यात त्यास ठरावीक उत्पन्नाची निश्चिती मिळाली. पाचव्या महिन्यात त्या भागातील भाडी उतरली असती, तर आपणांस पंधरा हजार देऊन मोकळे होता आले असते काय? मालकाने ते मान्य केले नसते, आणि त्यात त्याची काहीच चूक नसती. मग भाव चढल्यावर न्याय वेगळा का असावा? १८७२ च्या भारतीय करार कायद्याची भूमिकाही हीच आहे. करारात फेरफार करावयाचा तर दोन्ही पक्षांची संमती हवी. एकट्याने केलेला बदल दुसऱ्यावर बंधनकारक होत नाही. कायद्याच्या कितीतरी आधी याकोबाने आपल्या सासऱ्याविषयी हीच तक्रार केली होती. लाबानाने त्याचे वेतन दहा वेळा बदलले होते. याकोबाने ते बोलून दाखविले, म्हणून त्यास भांडखोर म्हटलेले आपल्या वाचनात नाही.

मात्र प्रत्येक वाढ अन्यायाची असते असे नाही. तेहतीस महिन्यांच्या करारात दर अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ लिहिलेली असेल आणि आपण न वाचता सही केली असेल, तर दोष आपला. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या कक्षेतील भाडेकरूंच्या बाबतीत मालकास वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते, आणि जागेत खरोखरीच्या सुधारणा केल्यास अटींसह काही जादा वाढही मागता येते. भाडे अवाजवी वाटल्यास प्रमाण भाडे ठरवून मागण्याची सोय त्याच कायद्यात आहे. अन्य राज्यांत कायदे निराळे आहेत. दिल्लीच्या १९५८ च्या कायद्यातून ३,५०० रुपयांवरील भाड्याची घरे १९८८ पासून वगळली गेली, त्यामुळे तेथील आपल्या बहुतेक वाचकांना लेखी करार हाच मुख्य आधार आहे. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा संमत केला. करारात वाढीची रक्कम किंवा रीत स्पष्ट लिहिलेली नसेल, तर मुदतीत भाडे वाढवू नये, असे तो सांगतो. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो त्या राज्यात लागू होत नाही.

तेव्हा प्रथम करार काढून शांतपणे वाचावा. वाढीचे कलम नसेल तर मालकास भेटावे, आणि भेटीनंतर त्याच आशयाचे पत्र पोच मिळेल अशा रीतीने पाठवावे: ठरलेले भाडे अमुक, मुदत अमुक तारखेपर्यंत, मधली वाढ मला मान्य नाही, ठरलेले भाडे मी नियमित देत राहीन. हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. रागाच्या भरात भाडेच थांबविणारा मनुष्य आपली न्याय्य बाजू स्वतःच्या हाताने घालवितो. पैसे बँकेतून द्यावेत. रोख दिल्यास पावती घ्यावी. आणि "तूर्त देऊ, पुढे पाहू" म्हणून वाढीव रक्कम देऊ नये, कारण दोनचार महिने विनातक्रार दिलेले भाडे पुढे संमतीचा पुरावा म्हणून दाखविले जाते. महाराष्ट्रात भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे ही मालकाची जबाबदारी आहे. तसा नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. (दलाल हे कधी सांगत नाहीत.) वाढ नाकारली म्हणून भाडेकरूचे पाणी वा वीज तोडणे हा तर गुन्हा आहे. प्रकरण चिघळलेच तर मुंबईत लघुवाद न्यायालय आहे, असे न्यायालय नाही तेथे दिवाणी न्यायालय आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, ही गोष्ट आपल्या एकट्या राहणाऱ्या परिचारिका आणि शिक्षिका भगिनींनी ध्यानात ठेवावी.

आता दुसरा गाल पुढे करण्याविषयी. ती शिकवण मी हलकी लेखीत नाही. परंतु ते तीन हजार कोणाच्या ताटातून जाणार, हे विचारले पाहिजे. मुलाच्या फीमधून की आईच्या औषधांतून? दुसऱ्याचा गाल पुढे करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? आणि भीतीने दिलेल्या पैशाला दान म्हणता येत नाही. मालक विधवा आहेत, आजारी आहेत, त्यांना खरोखर अडचण आहे, असे दिसले तर जरूर मदत करा. पण ती मदत म्हणून द्या, भाडे म्हणून नव्हे. देणाऱ्याला "नाही" म्हणण्याची मोकळीक असते तेव्हाच देण्याला अर्थ येतो.

याची दुसरी बाजूही आपण ऐकली पाहिजे. मुंबईत असंख्य घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली गेली होती. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात इमारतीची डागडुजीही होत नव्हती, आणि आत राहणारे कित्येक जण मालकाहून सुस्थितीत होते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने या गोठवणुकीला अवाजवी म्हटले. कायद्याने दिलेले असले तरी ते भाडे न्याय्य होते काय, हा प्रश्न त्या घरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींनीही स्वतःस विचारावयास हवा होता. म्हणून जो भाडेकरू मालकास अकरा महिन्यांच्या शब्दावर धरतो, त्याने बाराव्या महिन्यात त्याच शब्दाला जागले पाहिजे. मुदत संपताना मालकाने एकवीस हजार मागितले तर ती मागणी अन्यायाची नव्हे. परवडत असेल तर नवा करार करावा. नसेल तर ठरल्या दिवशी घर झाडून, वीजबिल भरून, किल्ली त्यांच्या हाती द्यावी आणि आपली अनामत मागून घ्यावी.