मांडवाला काय चालते

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते. ही यात्रा गुराढोरांच्या बाजारासाठी नावाजलेली, त्यामुळे बैलांच्या जोडीने बैलांचा साजही तिथे विकायला येतो: झुली, लोकरीचे गोंडे, घुंगुरमाळा, कवड्यांचे पट्टे, रंगीत म्होरक्या. यात्रा उठते आणि मागोमाग शहापूर-मुरबाडकडे लग्नसराई लागते. मांडवाच्या दाराला लाल-पिवळ्या गोंड्यांची माळ आणि मधोमध घुंगरांचा पट्टा बांधला, तर डेकोरेटरच्या कमानीच्या भाड्यापुढे तो खर्च किरकोळ ठरतो, आणि लग्न पार पडले की साज परत बैलाच्या गळ्यात जातो. हिशेब सरळ आहे. तरी घरातले कुणीतरी वडीलधारे विचारणारच, की बैलाचा साज नवरीच्या मांडवाला कसा चालेल? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. दिसतो पैशाचा, पण आतून तो धर्माचा आहे: मंगलकार्यात एखाद्या वस्तूला योग्यता येते ती कशाने?

नेहमीचे उत्तर असे, की वस्तू कोरी हवी. दुसऱ्या कामाला लावलेली, वापरलेली नको. म्हणून जुन्या लुगड्यांची झालर नको, पेंढ्याच्या वेण्या नकोत, कुडाला वापरतात त्या कारवीची कमान नको. पण कोरेपणाची ही कसोटी परंपरेने कधीच सरसकट लावलेली नाही. देवाला वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते, हे खरे. बेल आणि तुळस मात्र शिळी होत नाहीत, धुऊन पुन्हा वाहता येतात, हे सांगणारेही तेच शास्त्र. तांब्याचा कलश, समई, पाट, चौरंग यांच्या साक्षीने किती लग्ने लागली ते कुणी मोजत नाही. उलट आजीच्या लग्नातली म्हणून त्या समईचा मान वाढतो. अंतरपाट म्हणजे बहुतेक घरांत धुतलेली शाल आणि तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक; मंगलाष्टके संपली की ती पुन्हा शाल होते. आणि ज्यांना आईचे जुने लुगडे खटकते, त्यांच्याच मांडवातली प्लास्टिकची फुले आणि मखमली सिंहासन परवा दुसऱ्याच्या लग्नात होते, उद्या तिसऱ्याच्या जाणार आहे. भाड्याची पावती फाडली की उष्टेपणा जातो, असे कुठल्या स्मृतीत लिहिलेले नाही.

कोरेपणा नव्हे, तर मग काय? मांडवातल्या सगळ्यात जुन्या वस्तूंकडे पाहिले, तर त्यातली एकही शोभेसाठी आलेली दिसत नाही. मुहूर्तमेढ रोवायची ती कार्य सुरू झाल्याची खूण म्हणून. देवक आणायचे ते कुळाचे म्हणून: कुणाचे कळंब, कुणाचे उंबर, कुणाचे पंचपल्लव. त्या फांदीला वाजत-गाजत घरी आणतात, पूजतात, कारण तिच्या रूपाने कूळ लग्नाला येते. वारली घरातला चौक तर याहून बोलका. शेणामातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, आणि ती ओढायला बांबूची काडी, टोकाला ठेचून वा चावून तिचे तंतू मोकळे केलेली. यातले काहीही विकत आणावे लागत नाही. पण सवाशिणींनी काढलेल्या त्या चौकात पालघाट देवी येऊन बसल्याखेरीज, लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाण्यातून देवांना बोलावल्याखेरीज लग्न लागत नाही. म्हणजे ज्याची किंमत जवळजवळ शून्य, तेच अत्यावश्यक. योग्यता येते ती दोन गोष्टींनी: त्या वस्तूने कुणाला तरी आवतण दिलेले असते, आणि तिच्यामागे कुणाचा तरी हात असतो. या कसोटीवर बैलाचे गोंडे सहज उतरतात. ज्या भाताच्या अक्षता पडणार, ते शेत त्याच बैलाने नांगरलेले असते. त्याचे या घराशी नाते आहे. फुग्यांच्या कमानीचे कुणाशी काय नाते?

कायद्यानेही याहून वेगळे मागितलेले नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम रूढीनुसार विधी झाले का एवढेच विचारते. अनुसूचित जमातींना तर तो कायदा एरवी लागूच नाही, त्यांची रूढी हाच त्यांचा कायदा. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट म्हटले, की हिंदू विवाह हा संस्कार आहे, नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा कार्यक्रम नव्हे. आवतणाशिवायच्या सजावटीची एक गंमत मात्र नोंदवायला हवी. जिव्या सोमा मशे यांनी 1970 च्या दशकात वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आणली, त्यांचे नाव जगभर झाले, आणि आता तीच चित्रे फ्लेक्सवर छापून लॉन्सच्या आणि फार्महाऊसच्या लग्नांत ‘वारली थीम’ म्हणून पैसे मोजून लावली जातात. रेघ तीच असते, पण त्या चौकात देवीला कुणी बोलावलेले नसते.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. गरिबाला लग्नात काटकसर शिकवणे हा जुना उद्योग आहे, आणि त्यामागे बहुधा गरिबीचा दोष त्याच्याच माथी मारण्याचा हेतू असतो. शेतकरी लग्नांत उधळपट्टी करून कर्जबाजारी होतो, हा युक्तिवाद जोतीराव फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये खोडून काढला होता. आणि जुन्या ठाणे जिल्ह्यात तर लग्नाने माणसे खरोखर गुलाम झाली. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले, की नवरा-बायको दोघे त्याच्याकडे राबायला जायची. त्यांना लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ही वेठ दाखवली, 1945 च्या वारल्यांच्या उठावाने ती मोडली. पण लक्षात घ्यायचे ते असे, की त्या लग्नांतही चौक फुकटच होता. कर्ज सजावटीने झाले नाही, मजुरीच मिळत नव्हती म्हणून झाले. तेव्हा गोंडे टांगल्याने कुणाचे दारिद्र्य हटेल, असा दावा मी करत नाही. माझे म्हणणे योग्यतेच्या कल्पनेपुरते आहे, आणि ती कल्पना आजही माणसांना अडवते. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर ‘तसे’ लग्न परवडत नाही म्हणून वर्षानुवर्षे विधीविना संसार करणारी जोडपी आहेत. सामुदायिक विवाह सोहळ्यांत काही जोडपी कडेवर मूल घेऊन बोहल्यावर उभी राहतात. तिथे संस्कार थांबलेला असतो तो थाटासाठी, आणि हे संस्काराचेच उलटे झाले.

दुसरा आक्षेप थाटाच्या बाजूने आहे. ज्यांना वरातीत गावाने घोड्यावर चढू दिले नाही, वाजंत्री वाजू दिली नाही, त्यांनी झगमगाट केला तर तो उधळेपणा नसून हक्काची नोंद असते. हे मान्य करावेच लागते. साधेपणा वरून खाली सांगितला, की त्याचा हुकूम होतो. शिवाय तोच पेंढा सधनाच्या मांडवात अभिरुची ठरतो आणि कातकऱ्याच्या मांडवात ऐपत नसल्याची खूण. म्हणून हा युक्तिवाद आधी ऐपतदारांच्या दारात नेला पाहिजे. गोंड्यांची पहिली माळ लागावी ती ज्याला डेकोरेटर सहज परवडतो त्याच्या मांडवाला. मग ती लावण्यात शेजाऱ्याची मान खाली जाणार नाही.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. फुकटची सजावट फुकट असते, कारण तिच्यामागचे हात फुकट राबतात, आणि ते हात बहुतेक बायकांचे. भिंत सारवणे, गेरू कालवणे, तांदूळ दळणे, पेंढा वळणे, रात्र जागून चौक पुरा करणे, यातल्या एकाही कामाचा हिशेब लग्नाच्या वहीत येत नाही. डेकोरेटर निदान आगाऊ रक्कम घेतो, उशीर झाला तर त्याच्याशी भांडता येते. विकतच्या मांडवावर टीका करताना हे विसरणे सोयीचे पडते, आणि हाताच्या सजावटीचे गोडवे गाणारे आम्ही बहुतेक जण ते विसरतोही. वस्तूची योग्यता हातातून येते असे म्हणायचे, तर त्या हातांचा मानही मोजावा लागेल: पुरुषांनी सारवायला बसणे, चौक काढणाऱ्यांना पहिल्या पंगतीत पान मांडणे, त्यांची साडी-चोळी वाजंत्रीवाल्यांच्या बिदागीआधी काढून ठेवणे. त्या बायका पुरुषांची पंगत उठल्यावर उरलेसुरले जेवत असतील, तर निदान त्या मांडवापुरते माझे म्हणणे अजून खरे झालेले नाही.