हौसेचा घाम

मागच्या हिवाळ्यात पुतण्या पुण्याहून आला आणि म्हणाला, "काका, आम्ही पाचसहा जण सायकलवर निघालोय. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, तिथून प्रतापगड. दोन दिवस. येता का?" माझं वय चौसष्ट. आमची मंडळी म्हणाली, "घाटात काय झालं तर आणायला कोण जाणार?" तरी गेलो. हौस म्हणजे काय असते ते बघू म्हटलं.

वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो. पाचगणी बारातेरा किलोमीटर, पण सगळा चढ. माझ्याकडं पुतण्याच्या मित्राची गिअरची सायकल, डोक्याला हेल्मेट. चवथ्या वळणाला छाती भरून आली, तसा उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. तिथं एक म्हातारी जळणाचा भारा कठड्याला टेकवून उभी होती. तिनं मला खालवर न्याहाळलं.

"बाबा, ह्याचं तुमास्नी काय देत्यात?"

"कोण देणार? हौसेनं चाललोय."

ती हसली. "मग माझा भारा बी घ्या की हौसेनं!"

मीही हसलो आणि पुढं गेलो. त्या सायकलीला कॅरियरच नव्हतं. कारण खरं होतं, पण मनाला पटेना.

कारण ह्याच घाटानं माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, सात वर्षं दूध घेऊन पाचगणीला जायचा. पाचगणी म्हणजे शाळांचं गाव. तिथल्या पोरांना दूध लागायचं. काळी चोवीस इंची सायकल, मागं दोन किटल्या, निम्मा घाट ढकलत. तो सातवीतनं सुटला, म्हणून मी दहावीपर्यंत गेलो. एकदा त्याच्या अंगात ताप होता. माझी परीक्षेची फी भरायची होती. "आज नको जाऊस" हे शब्द माझ्या ओठापर्यंत आले होते. मी ते गिळले. तो गेला.

महाबळेश्वरला मुक्काम केला. थंड हवा खायला साहेब लोकांनी हे ठाणं वसवलं. माल्कम साहेबाच्या नावानं त्याला माल्कमपेठ म्हणायचे. तिथल्या तुरुंगात चिनी कैदी आणून ठेवले होते, त्यांच्याकडून बटाटा, भाजीपाला पिकवून घेत. चायनामन नावाचा धबधबा अजून आहे. म्हणजे एकाच डोंगरावर एक जण हवा खायला आलेला, दुसरा बेडी घालून आणलेला, आणि तिसरा पोटासाठी चढलेला. घाम तिघांचाही खारटच.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटानं प्रतापगडाकडं उतरलो. गड १६५६ साली मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला. १६५९ साली अफजलखान वाईहून ह्याच मुलखात उतरला आणि पायथ्याशी मारला गेला. जुन्या वाटेला रडतोंडीचा घाट म्हणतात. ओझं घेऊन चढणाऱ्यांनीच ते नाव दिलं असणार, हौसेनं चढणारा असलं नाव ठेवणार नाही. बुरुजाशी उभं राहून पोरं फोटो काढत होती. मी दगडावर हात ठेवून बघत होतो. एवढे दगड वर आणणाऱ्यांतलं कोण राजासाठी जीव टाकत होतं आणि कोण चार पायली धान्यासाठी, हे दगडाकडं बघून कळत नाही.

घरी आलो. दादा ओट्यावर बसला होता. गुडघे गेलेत त्याचे, काठीशिवाय उठवत नाही. मला भरून आलं. म्हटलं, "दादा, तुझे लई हाल झाले त्या घाटात. मी सुखासाठी चढलो, तू पोटासाठी."

तो म्हणाला, "येडा का काय? चढ वंगाळ होता, खरं हाय. पर किटल्या रिकाम्या झाल्या की उतारावर हात सोडून यायचो मी. वाई येऊस्तवर गाणी. तू सोडलास का हात?"

"नाही. भ्यालो."

"मग तू कसली हौस केलीस?"

मी गप्प बसलो. मी त्याच्या घामाला नुसतं दुःख समजत होतो, तेही एक प्रकारे त्याचा हिस्सा काढून घेणंच होतं. त्याच्या कष्टातही हौस होती. फरक आहे तो दुसरीकडं. मला कुठल्याही वळणाला "आज नको" म्हणून माघारी फिरता आलं असतं. त्याला ते एकदाही म्हणता आलं नाही. आणि त्याच्या वतीनं ते म्हणायची पाळी एकदा माझ्यावर आली होती.

तापाच्या दिवसाची गोष्ट मी त्या संध्याकाळी काढली. दादा म्हणाला, "मला न्हाई आठवत."

आठवत असणार. त्यानं तेवढंही ओझं माझ्या कॅरियरवर ठेवलं नाही.