पाण्यावरचा पेत्र आणि एडिथ स्टाइन



आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघरी गेले की एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "फादर, देवाने मला अजून कशाला ठेवलंय? माझा आता कुणाला काय उपयोग?" तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथांत अस्तित्वाचा प्रश्न म्हणतात तो हाच.

आज सामान्य काळातील एकोणिसावा रविवार, आणि तारीख ९ ऑगस्ट. रविवार आल्यामुळे आज क्रुसाच्या संत तेरेजा बेनेडिक्टा, म्हणजे एडिथ स्टाइन, यांचा स्मरणदिन उपासनेत साजरा होत नाही. पण याच प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला.

त्यांचा जन्म १८९१ साली ब्रेस्लाऊ शहरातील ज्यू कुटुंबात झाला. किशोरवयात त्यांनी प्रार्थना सोडून दिली. पुढे त्या एडमंड हुसर्ल या तत्त्वज्ञाच्या विद्यार्थिनी झाल्या. ठरीव मते बाजूला ठेवा आणि गोष्टी अनुभवास येतात तशा नीट पाहा, ही त्यांची शिकवण. १९१७ साली एक प्राध्यापक मित्र युद्धात मारला गेला. त्याच्या पत्नीचे सांत्वन करायला एडिथ गेल्या, तर ती बाईच क्रुसाच्या आधाराने शांत होती. जे पाहिले ते एडिथना नाकारता येईना. १ जानेवारी १९२२ रोजी त्यांनी स्नानसंस्कार घेतला.

हुसर्ल यांचेच दुसरे सहकारी मार्टिन हायडेगर. त्यांचा गाजलेला ग्रंथ १९२७ सालचा. माणूस या जगात न विचारता टाकला गेला आहे, मरणाच्या दिशेने जगतो आहे आणि आतली धास्ती त्याला हे सत्य दाखवते, असा त्यातला विचार. एडिथनी तो उडवून लावला नाही. माझे असणे क्षणाक्षणाला निसटते आहे, हे त्यांनाही मान्य होते. पण मग आपण रोज रात्री निवांत झोपतो कसे? ही केवळ स्वतःची फसवणूक का? निसटत असूनही मी आहे, म्हणजे कुणीतरी मला धरून ठेवले आहे, असे त्या म्हणतात. आईच्या कडेवरचे मूल निर्धास्त असते, त्याला आपण वेडे म्हणत नाही.

आता शुभवर्तमानातील पेत्राकडे पाहा. तो कोळी. पोहणे त्याला येत होते. पुनरुत्थानानंतर त्याने नावेतून पाण्यात उडीच घेतली. तरी आज वारा पाहून तो घाबरतो. खरे तर वारा पाहण्याआधीही पाणी त्याला पेलत नव्हते. अंथरुणावरच्या आजीला जे आता कळते, ते धडधाकट माणसाबाबतही तितकेच खरे आहे: आपल्या उपयोगावर आपण कधीच उभे नव्हतो.

आधार आहे म्हणजे वादळ येणार नाही, असे मात्र नव्हे. एडिथ १९३३ मध्ये कार्मेल मठात गेल्या आणि १९३८ च्या अखेरीस हॉलंडला. २६ जुलै १९४२ च्या रविवारी तेथील चर्चमध्ये ज्यूंच्या छळाविरुद्ध धर्माध्यक्षांचे पत्र वाचले गेले. सूड म्हणून ज्यू वंशाच्या कॅथलिकांना पकडण्यात आले. २ ऑगस्टला एडिथ आणि त्यांची बहीण रोझा यांना नेले. ९ तारखेला आउशविट्झ येथे त्या मारल्या गेल्या असे मानले जाते. वाटेत वेस्टरबोर्कच्या छावणीत कित्येक आया भीतीने सुन्न होऊन बसल्या होत्या, मुलांकडे त्यांचे लक्ष नव्हते. ज्यांनी पाहिले ते सांगतात, एडिथ त्या मुलांना न्हाऊ घालीत होत्या, त्यांचे केस विंचरीत होत्या.