प्रकाश, पॅनेल आणि उपाधी

घरी व्हिडिओ प्रोजेक्टर बांधू पाहणाऱ्या हौशी कारागिराला एलसीडी पॅनेल निवडताना जो प्रश्न सोडवावा लागतो, तो वरवर निव्वळ तांत्रिक वाटला तरी, मर्यादेमुळे मूळ वस्तूला उणेपणा येतो की मर्यादेवाचून रूप प्रकटच होत नाही, या वेदान्तातील जुन्या वादाशी त्याचे जवळचे नाते आहे. असे पॅनेल बहुधा जुन्या मॉनिटरमधून काढलेले असते. त्याच्या पाठीमागचा बॅकलाइट, म्हणजे त्याला मागून उजळणारी दिव्याची व्यवस्था, काढून टाकून तिच्या जागी प्रखर दिवा ठेवतात आणि आरपार आलेला प्रकाश भिंगाच्या साहाय्याने पडद्यावर पाडतात. पॅनेल स्वतः तसूभरही प्रकाश निर्माण करत नाही. दोन ध्रुवकांमध्ये, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या पातळ पटलांमध्ये, द्रवस्फटिकाचा थर कोंडून ते घडवलेले असते. पहिला ध्रुवकच निम्मा प्रकाश गिळतो, उरलेल्यातील सुमारे दोन-तृतीयांश लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांत जिरतो, काही तारांच्या जाळीवर अडतो. सामान्य रंगीत पॅनेलमधून दिव्याचा दहावा हिस्साही बाहेर पडत नाही.

साहजिकच, कमीत कमी प्रकाश अडवणारे पॅनेल ते उत्तम, असे निवडणाऱ्याला वाटते; आणि आकार तोच ठेवून बिंदूंची संख्या वाढवली की प्रत्येक बिंदूची खिडकी लहान होऊन जाळीचा वाटा वाढतो, म्हणून अधिक बारकाव्याची किंमत त्याला अंधारात मोजावी लागते. परंतु सगळा प्रकाश पार जाऊ देणारे पॅनेल म्हणजे साधी काच, आणि काचेतून पडद्यावर पडतो तो केवळ पांढरा चौकोन. म्हणूनच जाणता कारागीर पॅनेल किती उजळते याच्या जोडीने ते किती काळे होऊ शकते, हेही पाहतो. प्रचलित पीळदार रचनेच्या पॅनेलमध्ये विद्युत्दाब नसताना प्रकाश आपसूक पार होतो आणि दाब दिल्यावर रेणू उभे राहून तो अडतो; पार जाऊ देणे ही त्याची विश्रांती आणि अडवणे हे त्याचे कार्य होय. पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्याची प्रत्येक रेषा तेथवर न पोहोचलेल्या प्रकाशाने घडलेली असते.

वेदान्तात अशा मर्यादक वस्तूला उपाधी म्हणतात. घटामुळे अखंड आकाश जसे खंडित भासते, तसे उपाधीच्या सान्निध्याने अमर्याद चैतन्य मर्यादित भासते, असे त्याचे विवरण केले जाते. विद्यारण्यांच्या 'पंचदशी'तील नाटकदीप प्रकरणात रंगशाळेतला दिवा यजमान, प्रेक्षक आणि नर्तकी यांना सारखेच उजळतो आणि ती सर्व निघून गेल्यावरही तेवत राहतो. साक्षिचैतन्याचे, म्हणजे केवळ पाहणाऱ्या जाणिवेचे, स्वातंत्र्य या दृष्टान्ताने फार सुंदर रीतीने सिद्ध होते. मात्र त्या रंगशाळेत नर्तकी दिव्याआधीच उभी आहे आणि दिवा तिला फक्त दाखवतो. प्रोजेक्टरमध्ये पडद्यावरच्या नर्तकीचा आकार प्रकाश अडण्यातूनच उत्पन्न होतो, त्यामुळे हे अडवणे कोणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही. मायेचे, हे उत्तर परंपरेने दिले आहेच. पण जी सत् म्हणता येत नाही आणि असत्‌ही म्हणता येत नाही, तिच्याकडून इतके नेमके रेखाटन व्हावे, हे पटणे सोपे नाही.

हीच अडचण पाश्चात्त्य विचारातही उद्भवली. मेंदू जाणीव निर्माण करत नसून रंगीत काचेप्रमाणे ती फक्त पार जाऊ देतो, अशी शक्यता तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी मानवी अमरत्वावरील 1898 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात मांडली. त्यावर आक्षेप आला की काच फुटल्यावर प्रकाश उरेल, पण व्यक्ती उरणार नाही. तेव्हा पलीकडची जाणीवही हवी तितकी व्यक्तिविशिष्ट मानता येईल, असे उत्तर जेम्स यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत दिले. या उत्तराचा अर्थ असा की आकृती काचेत न ठेवता प्रकाशातच ठेवावी लागते.

ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त हेच पाऊल कितीतरी अधिक धैर्याने टाकले आहे. सातव्या, सर्वांत दीर्घ प्रकरणात ते अज्ञान नावाच्या स्वतंत्र शक्तीचे खंडन करतात आणि दृश्य जग हा चैतन्याचाच विलास ठरवतात. द्रष्टाच दृश्य होतो आणि त्यासाठी त्याला दुसऱ्या कशाचीही गरज लागत नाही. प्रत्येक बिंदू स्वतःच उजळणारे ओएलईडी पॅनेल या मताच्या थोडे जवळ जाते, पण मागच्या दिव्याला वाट देणे हे त्याचे कामच नसल्याने प्रोजेक्टर बांधणारा ते बाजूला ठेवतो. शिवाय कोणता बिंदू उजळायचा हे त्यालाही बाहेरून येणारा संकेतच सांगतो. दिवा, पॅनेल आणि संकेत हे तिन्ही जेथे एकच आहेत, तेथे यंत्राचा दृष्टान्त संपतो. तेथे अडणे हीदेखील प्रकाशाचीच कृती ठरत असल्याने पॅनेल काढून टाकणे म्हणजे मोक्ष, असे म्हणता येत नाही. आणि याच कारणाने नवव्या प्रकरणातील जीवन्मुक्ताची, म्हणजे जिवंतपणीच मुक्त झालेल्याची, इंद्रिये विषयांत वावरत राहूनही त्याचे ऐक्य भंगत नाही, आणि त्याचा हा सहज व्यवहारच ज्ञानेश्वर अकृत्रिम भक्ती म्हणून स्वीकारतात.